टाईपगोळा

पंच्याहत्तर साली, उद्यमबागेत,
मुतगेकर सरांनी लेथवर वाकलेल्या गुंडूला विचारलं,
असा गोळा कोरशील? अठ्ठ्याऐंशी खुणा,
निम्म्या कुठल्याच लिपीतल्या नाहीत.
गुंडू म्हणाला, मग डांबर कोण फासणार याला?

गोळा फसला. आयोटाला शेपूट आलं.

यंत्र तर नव्हतंच.
सरांनी आम्हा बाराजणांना बाकांवर मांडलं,
तीन आडव्या, चार उभ्या,
प्रत्येकाच्या हातात एका कास्टिंगचं वजन.
फेरे नकोत, अख्खी रास एकदम धरा,
आणि उजवीकडून,
खडेबाजारातल्या उर्दू पाटीसारखं.

बेरीज बाकाबाकांवरून सरकत
डाव्या टोकाला, शिवलिंग हुक्केरीपाशी थांबली.
"नूर हत्तु," तो म्हणाला.
मी लिहिलं, ११०.

गोळा माझ्याकडेच आहे. भिंगातून पाहिलं तर
एक खूण नीट उतरलीय.
गुंडूला सांगायचं राहिलं.