सात-सोळाचा पाना

परभणीत, मे महिन्यात, हीटर!
वसमत रोडवरचं अख्खं गॅरेज हसलं.
तौफिक म्हणाला, उस्ताद, बाईंना सांगा,
दार उघडून बसा, हीटर चालूच आहे.

ऑस्टिन. सत्तावन्न सालची.
हैदराबादेहून सेकंडहँड आणलेली,
रंग ताकावरच्या निवळीसारखा.
डाव्या सीटपुढची चटई ओली, गोडसर वास,
काचेला आतून चिकट वाफ.
मी म्हणालो, मॅडम, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो,
वीस मिनिटांचं काम, हीटर बाद.
इथं कोण लावतंय?

डॉक्टर पद्मावती बोरीकर, वय ब्याऐंशी,
स्टुलावर बसल्या. पर्समधून हातपंखा काढला.
"जानेवारीत, पहाटे तीनला,
पाथरीच्या पुढं गेलायस कधी?"

नव्हतो गेलो.

मग उघडत गेलो.
स्टिअरिंग. मीटर. ग्लोव्हबॉक्स,
त्यात सत्त्याऐंशीची पेट्रोलची पावती, बडीशेपेची पुडी.
वायपरची मोटर. आणि वायरी,
ज्यांचे रंग उडून सगळ्या एकाच जातीच्या झाल्या होत्या.
दहाचा पाना ढिला, नऊचा बसेना. गाडी इंचातली.
सात-सोळाचा शेवटी वडलांच्या पेटीत सापडला,
ग्रीसमध्ये झोपलेला.
चौथ्या दिवशी गाडीत होती त्यापेक्षा
जास्त गाडी फरशीवर होती.

राहिला एक नट.
ब्लोअरच्या डब्याच्या वर, पत्र्याच्या मागं.
आरसा धरला तर पाना जात नाही,
पाना घातला तर आरसा.
मी उताणा, पाय सीटच्या पाठीवर, टॉर्च दातांत,
घाम उलटा डोळ्यांत, हात कोपरापर्यंत सोललेला.
एक शिवी निघाली.
बाई बसल्यात हे विसरलोच.

"डोळे मीट," बाई म्हणाल्या.
जी?
"मीट. डोळे मधे येतात. बोटांनी बघ.
हात ढिला सोड. आधी कड लागेल, मग कडेकडेनं फिर.
आणि ओढायचं नाही.
कशालाच ओढायचं नसतं."

मिटले.
गंज लागला. मग कड. सहा बाजू, एक झिजलेली.
नखाएवढा वळला.
थांबलो. पंख्याचा आवाजही थांबलेला.
अजून नखाएवढा.

कोअर बाहेर आला तर केवढा, एका ओंजळीचा,
तपकिरी पाणी गाळत.
बाईंनी पदर न सांभाळता दोन्ही हातांत घेतला,
उलटासुलटा केला
आणि चीर दाखवली, मी शोधायच्या आधी.

नवा मिळत नाही.
जालन्याच्या शकूर रेडिएटरवाल्यानं तांब्याच्या नळ्या घालून,
डाख देऊन, एसटीच्या ड्रायव्हरकडं पाठवला.
गोणपाटावर खडूनं लिहिलेलं:
काच नाही, तरी जपून.

बसवायला दोन दिवस. तीन स्क्रू उरले.
उरतात.

आता चालवून बघणं आलंच.
बावीस मे, दुपारचे अडीच, त्रेचाळीस डिग्री.
काचा वर. बाई डावीकडं, त्यांच्या नेहमीच्या जागी.
तौफिक पाण्याची बाटली घेऊन उभा,
आम्ही विहिरीत उतरतोय असा चेहरा करून.

फाटकापर्यंत गेलो. खटका ओढला.
आधी जुन्या धुळीचा वास,
मग तांब्याचा,
मग ऊब. ऊब कसली, भट्टी.
शर्ट पाठीला, पाठ सीटला.

बाईंनी चपला काढल्या.
जाळीसमोर हात धरले, आधी तळवे, मग उलटे.
बोटं आता वाकत नाहीत त्यांची.
"गार हात लावायचा नाही," म्हणाल्या.
कुणाला, ते नाही बोलल्या.

मी काच खाली करणार होतो,
नाही केली.
फाटक पडलेलं. समोरून मालगाडी.
दोघं डबे मोजत बसलो.
माझे अठ्ठावन्न भरले, त्यांचे एकोणसाठ.