बेणं

चुन्याची पुडी माझी होती.
मळणाऱ्या हाताला लागते म्हणून
ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेली.
प्रांजलीनं ती तोंडासमोर धरून दाबली,
बाहेर का येईना, ते बघत.
चार वर्षांची होती.

पुढची पाच वर्षं उजवा डोळा
साय धरलेल्या दुधासारखा.
शाळेच्या फोटोत मान वळवून उभी.
मी तंबाखू सोडली. त्यानं काय होतं.
शेवंतानं, माझ्या बहिणीनं,
एकदाही पुडीचं नाव काढलं नाही.
तेच जड.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गावाला असते तशी डोळ्यालाही काळी असते, पांढरी असते.
दोन्हींच्या शिवेवर मूळपेशी राहतात.
काळीवरचं झिजेल तेवढं
जन्मभर तिथून नवं येत राहतं.
चुन्यानं शीवच जाळली.
मग पांढरी चढून आली काळीवर.

माझ्या डोळ्यातलं काढा, मी म्हणालो.
वसमतहून निघतानाच ठरवलं होतं,
कुणाला बोललो नव्हतो.
सही कुठं करू?

त्या हसल्या नाहीत.
"परकं आलं की अंग ओळखतं, मामा.
हिचा डावा चांगलाय. त्यातलं तीळभर पुरे."

तीळभर काढलं, त्याचे दहा तुकडे केले.
कोण कुठली बाळंतीण,
तिच्या वारेचा पापुद्रा जळक्या डोळ्यावर अंथरला,
आणि त्यावर ते तुकडे,
अंतर राखून, गोल.

हळदीचं बेणं आम्ही असंच तोडतो.
प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा पाहिजे,
पुढचं मग तो मातीत आपलं आपण बघतो.
हे मी बाकावर बसून शेवंताला सांगितलं.
तिनं भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला
आणि पाणी आणायला गेली.

आठव्या हप्त्यात
प्रांजलीनं डावा तळव्यानं झाकला,
उजवा माझ्यावर रोखला.
"मामा, तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या की."

तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी
अजून येत नाहीत तिला.
येतील, न येतील.
डाव्यातलं गेलेलं तीळभर कधीच भरून आलं,
कुठून काढलं ते सापडतही नाही.

माझं काहीच लागलं नाही.
एसटीची तिकिटं काढली तेवढी,
वसमत नांदेड, नांदेड वसमत.

कोनाडा मी त्याच वर्षी बुजवला होता.
लिंपण नीट बसलं नाही, थोडं फुगलंय.
परवा त्यावर हात फिरवत म्हणाली,
मामा, इथं काय होतं?