तिसरी बैठक

पहिल्या दिवशी दीडशे माणसं होती.
मांडव होता, माइक होता,
पोहे संपले तरी लोक येत होते.
गुलाबी-पिवळ्या चिठ्ठ्यांनी
दत्तवाडीचा अख्खा नकाशा झाकून गेला होता
आणि गळ्यात शिट्टी अडकवून मी
"सगळ्यांचं ऐकायचंय" म्हणत गटागटातून फिरत होते.

दुसऱ्या बैठकीला एकवीस.

आज सहा. सातवा चौकीदार,
तो आठला कुलूप लावायला थांबलाय.
महापालिकेच्या शाळेतले दुसरीचे बाक,
गुडघे हनुवटीला टेकतात.
पिंगळेकाका ठरल्याप्रमाणे साडेसहालाच हजर,
उशिरा येणाऱ्यांचा हिशेब त्यांच्याकडे लेखी.
"मॅडम, मागच्या वेळी असं ठरलं होतं की,"
आणि खरंच ठरलेलं असतं, हीच पंचाईत.
दिव्याचा अर्ज कोण देणार होतं?
बागवान.
बागवानांची मुलगी बाळंत झालीये, मुलगा झाला.
सगळे हसतात.
हे इतिवृत्तात कुठे बसवू?
'उपस्थित'च्या खाली लिहिते: बाळ, एक.

पिशवीतून चिठ्ठ्या काढते.
गोंद वाळलाय. पंख्याखाली त्या उडतात,
आणि आम्ही सहा जण बाकांखाली वाकून
दीडशे जणांचं म्हणणं गोळा करत बसतो.

एक चिठ्ठी दर वेळी हाताला लागते:
'पुलाखालून मी पळत जाते.'
बस, एवढंच. नाव नाही.
'ळ'ची गाठ उलटी मारलेली.
कुठल्या पुलाखालून, काका विचारतात, किती वाजता?
असलं मोघम लिहून अर्ज होत नसतो.

मागच्या बाकावर शेवंता उबाळे.
तिन्ही बैठकांना आली, तिन्ही वेळा गप्प.
प्रशिक्षणात शिकवलं होतं,
गप्प माणसाला नाव घेऊन बोलतं करा.
करणारच होते,
तेवढ्यात हजेरीची वही तिच्याकडून फिरून आली.
उबाळे.
'ळ'ची गाठ उलटी.

मी वही मिटते.
चिठ्ठी गठ्ठ्यात मधेच कुठेतरी सरकवते.
म्हणते, पुढची बैठक इथे नको,
पुलाखाली घेऊ. रात्री नवाला.

"तिथे बसायला काय आहे?"
"बसायचं नाहीये, काका. चालायचंय."

चौकीदार किल्ल्या वाजवतो.
बाक सरकतात. कुणी चपला शोधतंय.
आणि मागून, आधी घसा साफ करून:
"नवाला नको. मी पावणेदहाला सुटते."

कुणीच वळून बघत नाही, बरं झालं.
काका डायरीतलं नऊ खोडतात,
वर बारीक अक्षरात पावणेदहा लिहितात,
टोपण लावतात, पुन्हा काढतात.

"बॅटरी कोण आणणार? नाव सांगा."