कणी

सिंदेवाहीजवळची राईस मिल,
माझा तिसरा दिवस.
आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकात,
केसांत कोंडा.

तानबाजी ऑपरेटर एचएमटीचे मूठभर दाणे
काळ्या पाटीवर पसरतो,
बोटानं कणी बाजूला सारतो.
"शंभरात अठरा. लय झाली."
आणि रोलरचं चाक पाव फेरा सैल.

मी मीटर वाचते : ओल चौदा.
तो धान दाताखाली फोडतो.
चौदाच.
हसत मात्र नाही.

एकतीस वर्षांच्या घरघरीत
त्याचे कान केव्हाच गेले.
मी ओरडून विचारते,
मशीन बिघडली हे कळतं कसं?

तो माझा तळवा धरतो,
हलरच्या गरम पत्र्यावर ठेवतो.
"आयक."

पत्रा थरथरतो.
मला अजून काहीच ऐकू येत नाही.
हात काढत नाही.