मिटलेली पानं

ग्रामपंचायतीसमोर फायकसची सात झाडं,
छत्रीसारखी कापलेली.
गावात त्यांना शोची झाडं म्हणतात.
फळ नाही, सावली बेताची,
उद्‌घाटनाच्या फोटोत मात्र सातही आहेत.

यंदा शेंड्याची पानं मिटली,
मधल्या शिरेवर दुमडून, करंजीसारखी,
अंगभर विटकरी ठिपके.
सचिव म्हणाले, पाणी कमी पडलं असेल.
वच्छला उईके काही बोलली नाही. पाणी तीच घालते.

नखानं तिनं एक पान उघडलं:
आत काळे, तिळाच्या टोकाएवढे,
पिवळट पिल्लं, रव्यासारखी अंडी.
"फुलकिडे व्हय बाप्पा.
पऱ्हाटीवरचे नाही, हे येगळे."

ते पान कुरतडत नाहीत.
खरवडतात, आणि पाझरेल ते पितात.
जून पान त्यांना चालत नाही.
दुखऱ्या जागेभोवती कोवळं पान मिटतं
आणि जखमेचंच घर होतं.

शेजारी वड, त्याच कुळातला.
त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

दाखल्यासाठी बाकावर बसलेले लोक
मान खाजवतात, वर बघत नाहीत.

वच्छलानं शेंडे छाटले,
युरियाच्या रिकाम्या पोत्यात कोंबले,
तोंड सुतळीनं आवळून पोतं उन्हात टाकलं.
चैत्राचं ऊन, फवाऱ्याची गरज नाही.

एक पान पदराच्या गाठीत,
सातवीतल्या पोरीला दाखवायला.
हातपंपापाशी पोचेस्तोवर
गाठीतून एक काळा ठिपका बाहेर आला
आणि तिच्या तळहातावर
कोवळी जागा शोधत
बराच वेळ फिरला.