पाचव्या पावलानंतर

नाइहान्ची आडवी चालते.
पुढं नाही, मागं नाही,
खेकड्यासारखी एका रेघेत,
गुडघे बाहेर, टाचा रुतवून.
म्हणून कुस्तोदनं आम्हाला ती खाजनाच्या बांधावर शिकवली,
जुव्याला, मानशीपासून खुरसापर्यंतच्या तुकड्यावर,
जिथं दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला चिखलात उतरावं लागतं.

ही कुठून आली, विचारलं
की दर वेळी वेगळं सांगायचा.
एकदा : पाठीशी भिंत होती ज्याच्या, त्यानं रचली.
एकदा : भाताच्या बांधावर, हा असाच, बघ.
फेणी पोटात असली तर : होडीत,
आणि होडी हलत होती,
आणि रचणारा कर्ज बुडवून पळत होता.
स्वतः कुठं शिकला, ते मात्र बदलायचं नाही.
नाहा बंदर, जहाज सात महिने दुरुस्तीला,
दोरखंड विकणारा एक म्हातारा,
दुकानामागं चार वाव जागा.
फी म्हणून इंजिनरूममधलं ग्रीस.

कमरेशी गेलेला हात रिकामा नसतो, म्हणायचा.
वर्षभर आम्ही तो नुसताच मागं नेला.
मग एका संध्याकाळी त्यानं माझं मनगट धरलं
आणि मूठ कमरेशी नेली;
माझं नाक त्याच्या कोपराशी जाऊन थांबलं.
पाय ओलांडून टाकतेस ना, ते चालणं नव्हे,
खाली कुणाचं तरी पाऊल आहे.
परतणाऱ्या लाटेसारखा आत उचललेला तळवा
आपली नडगी वाचवतो,
नाहीतर दुसऱ्याची मोडतो.
एवढं दाखवून पुन्हा झाकून टाकायचा,
निखाऱ्यावर राख ओढावी तसा.

आणि पाचव्या पावलानंतर
मान डावीकडे. हनुवटी किंचित खाली.
एक श्वास थांबायचं.

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
मडगावच्या शिबिरात आम्हाला यावरून हसले,
तेव्हापासून आम्ही दोन श्वास थांबू लागलो.
मिंगेलच्या वहीत त्याचे अकरा अर्थ होते :
दुसरा शत्रू. घसरवलेली थप्पड. केसांतून सोडवणूक.
सातवा, कपाळाची धडक, आम्ही करून पाहिला
आणि शर्मिलाचा दात हलला.

तो गेला. महिन्याच्या मिसेनंतर
त्याच्या अंगणात आम्ही नाइहान्ची केली,
चौदा जण, पांढऱ्या कपड्यांत.
पाचव्यानंतर चौदा माना एकदम डावीकडे वळल्या
आणि एस्पेरान्सबाय हसली,
रुमाल तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईतो.
दाव्या कानान केपो आसलो गो तो.
इंजिननं खाल्लेला कान.
समोर म्हातारा पुटपुटत आकडे मोजायचा,
सहावा ऐकू यावा म्हणून
कुस्तोद उजवा कान पुढं करायचा. रोज.
सात महिने. मग तो अंगातच बसला.

मिंगेलनं वही दुमडून मागच्या खिशात खुपसली.
पण सातवा अर्थ लागू पडतो, त्याचं काय?
दात साक्षीला आहे.

त्या रात्री मला झोप नाही.
म्हाताऱ्याचा गुडघा दुखत असेल का?
आम्ही ज्याला खोल बैठक म्हणतो
ती त्यानं कुणाचं तरी दुखणं सांभाळून उतरवली असेल?
आणि भिंत, बांध, होडी काहीच नसेल,
कुणाचं तरी दुकानच अरुंद असेल,
म्हणून हे सगळं आडवं?

सकाळी ओहोटी. मानशीची दारं उघडी,
पाणी बाहेर धावत होतं.
बांधावर नऊ पोरं एका रेघेत.
मी मोजत होते. ती मान काढून टाकायची ठरवून आले होते.
पाचवं पाऊल पडलं
आणि मी आकडा म्हटलाच नाही.
नऊ माना वळून थांबल्या.

बाय, हे कशाला? आनाक्लेतनं विचारलं,
सर्वांत धाकटा, पट्टा दोनदा गुंडाळलेला.
ऐकायला, मी म्हटलं.
त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.
मान वळलेलीच होती त्याची,
चिखलातला खेकडा बघत होता.