चित्र क्रमांक एकशे बारा

बर्गन. तिसरा मजला. खिडकीची कडी तुटलेली.
आम्ही बातम्यांतले फोटो मोजतो.
दोघांनी वेगवेगळं बसून
एकाच फोटोला आकडा द्यायचा:
युद्ध एक, आपत्ती दोन, विस्थापन तीन.
कशातच न बसणारं नऊ.

एकशे बारामध्ये एक माणूस, डोक्यावर गादी.
मागे हातगाडी, तिच्यावर स्टोव्ह, बादली, उलटी खुर्ची.
योस्टाइनने तीन लिहिलं.
मुथोनीने नऊ,
आणि समासात बारीक अक्षरात: महिनाअखेर.

"पळतोय गं तो."
"पळणारच. हातगाडीचं भाडं तासावर असतं.
कायोलेत मी तीनदा खोली बदलली.
नव्या खोलीची चावी आहे त्याच्या खिशात.
बघ ना, हसतोय."
योस्टाइनने चेहरा मोठा केला, आणखी मोठा.
तोंडाच्या जागी चार करडे चौकोन.

मतभेद झाला तर तिसऱ्याने ठरवायचं, बाई म्हणाल्या.
तिसरी मी.
माझ्याकडे यासाठी शब्द आहे, बिऱ्हाड.
त्याला आकडा नाही.
नऊ लिहिलं. खोडलं. कागद तिथे पातळ झाला.

जूनमध्ये योस्टाइनचा करार संपला.
चढाच्या गल्लीतून आम्ही त्याची गादी उतरवत होतो,
तो पुढे, डोक्यावर घेऊन, जवळजवळ धावत.
बोटीवरून आलेल्या पर्यटकांनी
कॅमेरे वर केले.
योस्टाइन एकदम हळू चालायला लागला,
ताठ, जरासा हसत.

मागून दोन खुर्च्या सांभाळत मुथोनी ओरडली,
"अरे पळ की!
व्हॅन तासावर आहे."